सतरावं नाव

मार्तंड सरांच्या क्लासच्या ऑफिसात चाकांची खुर्ची एकच होती, आणि रोज दुपारी तीन ते पाच तिच्यावर मी बसायचे. दहावीतली मुलगी! सर स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर आणि मी चाकांच्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात त्या खुर्चीचाही मोठा हात आहे.

मी मृण्मयी, नांदेडची. नववीपर्यंत उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करायची माझी हिंमत नव्हती. दहावीला मला लातूरला पाठवलं, कारण दोन हजार पाच साली आमच्या गल्लीतून जो तो आपली मुलं लातूरलाच पाठवत होता. ट्रंक, गादी, चिवड्याचा डबा आणि स्टँडवर डोळे पुसणारी आई. पण त्याआधीच्या मे महिन्यात आलोककाकांनी माझं नशीब बदलून टाकलं होतं. काकांचं नांदेडातच वजिराबादला कॉम्प्युटर शिकवायचं सेंटर आहे. सुट्टीभर मी तिथं ठाण मांडलं आणि डेटाबेस शिकले. डेटाबेस म्हणजे सोप्या भाषेत तक्ते. नावांचे, नंबरांचे, मार्कांचे. त्यातलं पाहिजे ते क्षणात शोधायचं, इकडचं तिकडं हलवायचं.

काकांनी शिकवलेली एक गोष्ट मला फारच आवडली. तक्ते दोन जातींचे असतात, एक साधा आणि एक हुशार. हुशार तक्त्याला सांगता येतं, की बाबा, ही दोन कामं मिळून एकच काम समज. झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. मध्येच लाईट गेली तर अर्धवट झालेलं तो आपणहून मागं फिरवतो. काकांनी मला एक नाव पहिल्या तक्त्यातून काढायला लावलं, आणि ते दुसऱ्यात टाकायच्या आत भिंतीतली पिन ओढली. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर नाव पहिल्या तक्त्यात जसंच्या तसं! मी टाळ्याच वाजवल्या.

लातूरला आले तर मार्तंड सरांकडे सगळा कारभार रजिस्टरवर. सहाशे मुलं. दर महिन्याला सराव परीक्षा व्हायची आणि वरची चाळीस मुलं ‘निवड बॅच’मध्ये जायची. ती बॅच पहाटे साडेपाचला सर स्वतः घ्यायचे. निवड बॅचमधला मुलगा औसा रोडवरून चालला तरी लोक वळून बघतात, असं आमच्यात म्हणायचे. खोटंही नव्हतं ते. यादी हाताने करायला दोन माणसांना दोन दिवस लागायचे. मी सरळ ऑफिसात गेले. मी! जी वर्गात हात वर करत नव्हती ती.

“सर, हे कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम आहे.”

“आणि मध्येच लाईट गेली म्हणजे?” सर म्हणाले. दिवसातून दोनदा ठरलेली लाईट जायची, न ठरलेली वेगळीच.

“अर्धवट काहीच होणार नाही सर. गॅरंटी.”

सर हसले आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे ढकलली.

क्लासचा कॉम्प्युटर जुना होता. त्यात दुकानवाल्याने डेटाबेस टाकून ठेवला होता, तो कुणी वापरत नव्हतं. मी हुकूम लिहिला, की दोन तक्ते कर, एक सगळ्या मुलांचा आणि एक निवड बॅचचा, दोन्ही हुशार जातीचे. स्क्रीनवर उत्तर आलं, ‘ओके’. त्याच्या पुढं बारीक अक्षरांत होतं, ‘एक वॉर्निंग’. मी ओके बघितलं. लग्नपत्रिका हातात आली की आपण नवरा-नवरीचं नाव बघतो, खाली छापखाना कुठला ते कोण बघतं? आणि इथं मी पिनही ओढून बघितली नाही. सरांचा कॉम्प्युटर, बिघडला तर? शिवाय काकांकडे बघितलंच होतं की.

महिन्याभरात हजेरीची यादीही माझ्याच तक्त्यातून छापून निघायला लागली आणि मुली मला ‘कॉम्प्युटरबाई’ म्हणायला लागल्या. चिडवायला म्हणायच्या, पण मला आवडायचं. मी वर्गात हात वर करायला लागले, तेही दोन-दोन हात. आमची मेस दानम्मा मावशींची होती. त्या निलंग्याकडच्या, बोलता बोलता कानडी शब्द टाकायच्या. त्याही ताटात वाढताना म्हणायच्या, “बारव्वा, ये गं कॉम्प्युटरबाई, भाकर संपली बग. पोळी देऊ, का थांबतीस?” न विचारता भाकरीच्या जागी पोळी त्या कधीच टाकायच्या नाहीत. कितीही गर्दी असो. मला तेव्हा वाटायचं, किती वेळ घालवतात या बाई!

ऑगस्टच्या सराव परीक्षेचे मार्क रविवारी भरून झाले. दुपारी साडेतीनला मी यादीचा प्रोग्राम सोडला. तो मीच लिहिला होता. सगळ्यांच्या तक्त्यातलं सर्वांत जास्त मार्कांचं नाव मार्कांसकट उचलायचं, तिथून काढायचं, निवड बॅचमध्ये टाकायचं, मग त्याच्या खालचं, असं चाळीस होईपर्यंत. एक मूल दोन बॅचमध्ये दिसता कामा नये म्हणून आधी काढायचं, मग टाकायचं. स्क्रीनवर आकडा पळत होता. चौदा, पंधरा, सोळा, आणि खट्. लाईट गेली. कॉम्प्युटरला जोडलेला बॅटरीचा डबा दोनदा केकाटला आणि तोही गेला.

“झालं का वाटोळं?” सरांनी विचारलं.

“काही होत नाही सर. बघाच तुम्ही.”

पाऊण तासानं लाईट आली. निवड बॅचमध्ये सोळा नावं होती, सगळी नीट. मी सरांना दाखवली. उरलेल्या नावांसाठी प्रोग्राम पुन्हा सोडला. सतरा, अठरा, करत करत चाळीस. आणि चाळिसावं नाव कोणाचं? माझं! मी खुर्चीसकट गोल फिरले. सरांनी शिपायाला पेढे आणायला पाठवलं.

सोमवारी सकाळी यादी बोर्डावर लागली. दुपारी ऑफिसच्या खिडकीशी एक मुलगी आली. राजकन्या. ती भूकंपातून उठलेल्या गावची. किल्लारीच्या बाजूचं जुनं गाव पडलं आणि नवं माळावर वसलं, त्यातली. त्या भागातल्या दहा मुलांना सर फुकट शिकवायचे, त्यातली ती एक. ती बोलली की शहरातल्या मुली एकमेकींकडे बघायच्या. खरं सांगायचं तर मीही बघायचे.

“मॅडम, माझं नाव न्हाई यादीत.”

मॅडम! माझ्याच वयाची मुलगी. मी काही दुरुस्त केलं नाही.

“निवडमध्ये चाळीसच असतात.”

“निवडचं सोडा. आमच्या बॅचच्या हजेरीत बी न्हाई. आज सर सगळ्यांची नावं बोलले, माझं बोललेच न्हाई.”

मी दोन्ही तक्ते शोधले. खरंच नव्हतं. ‘मला माहीत नाही’ असं म्हणता आलं असतं. पण राजकन्येच्या मागं तिच्याच बॅचची श्रद्धा आणि श्रद्धाच्या मैत्रिणी उभ्या होत्या.

“मग तू परीक्षेचा नंबर चुकीचा टाकला असशील,” मी म्हणाले.

“न्हाई. म्या बराबर टाकला. दोन पुरवण्या बी लावल्या.”

“दोन पुरवण्या! काय रामायण लिहिलंस?” श्रद्धा फिसकन हसली.

“कॉम्प्युटर खोटं बोलत नसतो गं,” मी म्हणाले. “माणसं चुकतात.”

सगळ्या हसल्या. राजकन्या हसली नाही. खिडकीच्या गजांवर तिची बोटं होती, ती तिनं एकेक करून काढून घेतली.

सर म्हणाले, “मृण्मयी, गठ्ठ्यात एकदा पेपर बघ बरं तिचा.”

“सर, सहाशे पेपर आहेत. यादीत नाही म्हणजे परीक्षेला बसलीच नसेल.”

हे वाक्य मी बोलले. कुणी बोलायला लावलं नव्हतं. सरांना घाई होती. ते तिला म्हणाले, “शनिवारपर्यंत वडिलांना घेऊन ये. परीक्षा चुकवायची असेल तर फुकटची जागा दुसऱ्याला देतो. दहा जण वाट बघून राहिलेत.”

त्या आठवड्यात मी पहाटे पाचला उठून निवड बॅचला जात होते आणि राजकन्या तिच्या बॅचमध्ये मागच्या बाकावर बसत होती. श्रद्धानं सांगितलं, की हजेरी सुरू झाली की ती मान वर करते, आणि संपली की खाली घालते.

बुधवारी मी एसटीडी बूथवरून काकांना फोन लावला. चाळिसावी आले ते सांगायला, आणि लाईट गेली तरी माझा डेटाबेस कसा डगमगला नाही ते सांगायला.

“शाबास! पण तिथं हुशार तक्ता मिळाला का तुला? जुन्या मशीनवर दुकानवाले तो बंद करून ठेवतात. मेमरी फार खातो.”

“मिळाला की. मी हुकूम दिला, ओके आलं.”

“नुसतं ओके?”

“ओके आणि एक वॉर्निंग.”

बूथच्या मीटरवर लाल आकडे पुढं सरकत होते.

“मृण्मयी, हे सॉफ्टवेअर भिडस्त आहे गं. मागितलेली जात त्याच्याकडं नसली तर नाही म्हणत नाही. गुपचूप साधा तक्ता करून देतं आणि ओके म्हणतं. जे काय सांगायचं ते त्या वॉर्निंगमध्ये सांगतं. वाचलीस का?”

“हो,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. वाचली नव्हती.

गुरुवारी ऑफिसात कुणी नसताना मी तक्त्याची जात विचारली. साधा. दुसरा? तोही साधा. ‘दोन्ही कामं मिळून एक समज’ हा माझा हुकूमही त्यानं दर वेळी ओके म्हणून घेतला होता आणि सोडून दिला होता. म्हणजे लाईट गेली तेव्हा सतरावं नाव एकीकडून काढून झालं होतं आणि दुसरीकडं टाकायचं राहिलं होतं. मागं फिरवणारं कुणी नव्हतंच. नाव मार्कांसकट गेलं. मग माझा प्रोग्राम अठराव्याला सतरावा म्हणून पुढं निघाला आणि चाळीस पुरे करायला त्यानं एक्केचाळिसावी मुलगी उचलली. यादीत खड्डा दिसलाच नाही. खड्ड्यात मी उभी होते.

मागच्या खोलीत पेपरांचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले होते. चौथ्या गठ्ठ्यात सापडला. दोन पुरवण्या, पांढऱ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेल्या, दोऱ्याला तीन गाठी. शंभरपैकी एकोणनव्वद. नंबर बराबर टाकलेला. मी पेपर पुन्हा होता तसा ठेवला आणि गठ्ठा पूर्वीसारखा बांधला. पाच वाजले होते, आणि सर आत येऊन म्हणाले, “काय कॉम्प्युटरबाई, सप्टेंबरची तयारी?” आणि मी म्हणाले, “हो सर.”

मग मी जे केलं ते मला आजही कुणाला सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. मी राजकन्येचं नाव परत टाकलं. पण साध्या बॅचमध्ये. मार्कांच्या रकान्यात चौसष्ट. चौसष्ट कुठून आले? मनातून. वरच्या चाळिसात येणार नाहीत आणि नापासही दिसणार नाहीत, एवढे. एंटर दाबलं. ओके.

शुक्रवारी हजेरीत तिचं नाव आलं. मधल्या सुट्टीत ती खिडकीशी धावत आली.

“मॅडम, माझं नाव आलं! तुम्हीच घातलं ना?”

“हो. ते… जरा राहिलं होतं.”

“मला वाटलंच. माझ्यासाठी पुन्यांदा शोधलं तुम्ही.” तिनं गजांतून हात आत घातला. मुठीत शेंगदाण्याचे दोन लाडू होते, कागदात बांधलेले. “आत्यानं दिलेत. घ्या की.”

मी घेतले. तिच्या समोरच एक खाल्ला, कारण ती बघत होती. तोंडात नुसती माती.

रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये दानम्मा मावशी परात घेऊन आल्या. “भाकर एकच हाय. पोळी घेतीस, का थांबतीस?”

मला एकदम रडू आलं.

“अगं, पोळीवरून रडतीस व्हय? थांब, थापते की.”

शनिवारी राजकन्येचे वडील आले. अर्जुनराव. उन्हानं रापलेले, पांढरा सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत कागदच कागद, एकेक प्लास्टिकच्या खोळीत घातलेला. रेशनकार्ड, जन्माचा दाखला, भूकंपग्रस्ताचा दाखला, क्लासच्या फॉर्मची पावती. त्यांनी ते सरांच्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडायला सुरुवात केली.

“अहो, मिटलं ते,” सर म्हणाले. “नाव सापडलं, चौसष्ट मार्क आहेत. या मुलीनं काढलं शोधून.”

अर्जुनराव माझ्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. मला. मी चाकांच्या खुर्चीत.

“लई उपकार झाले माय.”

“बाबा, चला,” राजकन्या मागून म्हणाली.

“थांब गं. सांगू दे.” ते माझ्याशीच बोलत होते. “तुला काय माहीत, यादीत नाव नसलं म्हंजे काय. भूकंपात घर बसलं तवा ही तीन वर्षांची होती, मामाच्या गावाला. हिची आई गेली, थोरला गेला. जित्त्या माणसांची यादी करायला आले, तवा म्या शुद्धीवर न्हवतो. समोर जेवढे दिसले तेवढे लिवले त्यांनी. ही दिसली न्हाई, म्हून न्हाईच. नंतर दोन वर्षं हिला काखेत घेऊन हिंडलो. दर ठिकाणी सांगायचं, ही माझी लेक, जित्ती हाय. ते म्हणायचे, यादीत न्हाई.” त्यांनी पावतीची खोळ सरळ केली. “तवापासून म्या कागद सोडत न्हाई. सोमवारी हिचा फोन आला, नाव न्हाई म्हून, तवा रातभर झोप न्हाई. आता बरं वाटलं. चौसष्ट तर चौसष्ट. नाव हाय, बस.”

मी खुर्चीतून उठले. पायांना खुर्ची लागून ती मागं गेली आणि भिंतीवर आदळली.

“चौसष्ट नाहीत,” मी म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मी मागच्या खोलीत गेले, चौथा गठ्ठा आणला आणि सगळ्यांसमोर सुतळी सोडली. गाठ सुटेना. पेपर काढून सरांच्या पुढं ठेवला.

“एकोणनव्वद आहेत. ती सतरावी होती. मी हुशार तक्ता मागितला होता, सॉफ्टवेअरनं साधा दिला, आणि मी बघितलं नाही. लाईट गेली तेव्हा तिचं नाव पुसलं गेलं. तिच्या जागेमुळं मी निवडमध्ये आले. मला गुरुवारीच कळलं होतं. चौसष्ट मी मनानं टाकले.”

एका दमात बोलले. नववीतली मुकी मुलगी इतकं एका दमात बोलली, तेही याच्यासाठी.

सरांनी पेपर उघडून वरचा आकडा बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, “ठीक आहे. लाईटमुळं झालं. तू यादी दुरुस्त करून ठेव, सोमवारी नवीन लावून टाकू. उगं बोभाटा नको, क्लासचं नाव आहे.”

“गुपचूप नको सर,” मी म्हणाले. “गुपचूपच झालं होतं सगळं.”

अर्जुनराव माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद एकेक करून पिशवीत भरले. जोडलेले हात आता कामात होते. राजकन्या माझ्याकडे बघत होती. मला त्या लाडवाची आठवण झाली, आणि तिलाही झाली असणार.

सोमवारी बोर्डावर नवी यादी लागली. सतराव्या नंबरवर राजकन्या. माझं नाव नव्हतं. यादीखाली मी पेनानं लिहिलं, ‘मागच्या यादीत राजकन्येचं नाव माझ्या चुकीनं गळलं. चूक तिची नव्हती. तिचा नंबर बरोबर होता. मृण्मयी.’ सरांनी ते वाचलं, फाडलं नाही. पण चाकांच्या खुर्चीवर आता ते स्वतः बसायला लागले. मुली त्या बोर्डासमोर थांबून वाचायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. कॉम्प्युटरबाई कुणी म्हणेना. श्रद्धा एकदा म्हणाली, “कॉम्प्युटर खोटं बोलत नसतो ना गं?” आणि मी मान खाली घालून जिना उतरले.

यादी रजिस्टरवर करायची असं ठरलं, आणि ती हाताने लिहायचं काम सरांनी मलाच दिलं. शिक्षा म्हणूनच असावं. गुरुवारी मी जमिनीवर सतरंजी टाकून लिहीत बसले होते, तर खिडकीत राजकन्या उभी राहिली. चार दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. या वेळी मॅडम नव्हतं.

“ए. माझा पेपर हाय का तिथं?”

“आहे.”

“त्यात एकोणनव्वद हायेत म्हणं. शनिवारी सरांच्या टेबलावर म्या एकेक मार्क बघून घेतला, घरी बेरीज केली. नव्वद व्हायला पायजेत. दुसऱ्या पुरवणीत शेवटच्या गणिताचा एक मार्क धरलेला दिसत न्हाई. कामून?”

तपासणाऱ्या सरांनी दिला नसेल, तुझी बेरीज चुकली असेल, एका मार्कानं काय होतंय, अशी तीन उत्तरं माझ्या जिभेवर एकदम आली. ती आपोआप येतात, हे मला आता कळतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “थांबतेस का? बघून सांगते.”

“थांबते की,” ती म्हणाली, आणि गज धरून उभी राहिली.

मी गठ्ठ्याची सुतळी सोडायला घेतली.